मेलबर्नच्या रानातलं कॉमन ब्राउन फुलपाखरू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर नारिंगी-तपकिरी फुलपाखरांचे हललेले फोटो फिरायला लागतात. सोबत प्रश्न ठरलेले: हे कोणतं, विषारी आहे का, मोनार्क आहे का. बहुतेक वेळा ते कॉमन ब्राउन निघतं. तीच तीच उत्तरं तुकड्यातुकड्यांत देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिलेली बरी. तारखा मेलबर्न आणि आसपासच्या आहेत. सिडनी, कॅनबेरा, ॲडलेडवाल्यांनी थोडं मागेपुढे धरून चालावं.

हे फुलपाखरू नेमकं कोणतं?

शास्त्रीय नाव हेटेरोनिम्फा मेरोपी. फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं. कॅप्टन कुकचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती, म्हणजे युरोपीय लोकांच्या कागदोपत्री सर्वांत आधी नोंदल्या गेलेल्या ऑस्ट्रेलियन कीटकांपैकी हे एक. जगात ते फक्त ऑस्ट्रेलियात आढळतं, आणि तेही दक्षिणेकडे: आग्नेय क्वीन्सलँडपासून न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि थेट पर्थच्या बाजूचा नैऋत्य कोपरा.

पंख पसरले की नर साधारण सहा सेंटीमीटरचा भरतो, मादी त्याहून मोठी. आणि हो, विषारी नाही.

"कॉमन" आहे तर मुद्दाम पाहायचं कशाला?

दुर्मीळ फुलपाखरू एकदा दिसतं, आपण यादीत टिक करतो आणि विषय संपतो. हे मात्र घराजवळच्या खाडीकाठी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत भेटत राहतं. त्यामुळे त्याचं वर्ष कसं जातं ते डोळ्यांनी पाहता येतं. माझ्या मते फुलपाखरू ओळखायला शिकण्यापेक्षा त्याचं वर्ष ओळखायला शिकणं जास्त मजेचं आहे, आणि त्यासाठी भरपूर असलेली जातच लागते.

शिवाय याचं वर्ष जरा विचित्र आहे. ते पुढे येईलच.

नर आणि मादी कसे ओळखायचे?

नवखा माणूस त्यांना दोन वेगळ्या जाती समजतो, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

नर वरून सगळा नारिंगी, त्यावर गडद तपकिरी नक्षी. ती नक्षी पंखभर पसरलेली असते. पुढच्या पंखाच्या टोकाजवळ आणि मागच्या पंखाच्या खालच्या कोपऱ्यात डोळ्यासारखा ठिपका.

मादीच्या पुढच्या पंखाचे सरळ दोन भाग पडतात. अंगाकडचा अर्धा भाग नारिंगी, टोकाकडचा अर्धा काळपट तपकिरी आणि त्या काळ्यात फिकट पिवळे ठळक डाग. हे पिवळे डाग दिसले की मादी, दुसरी कसलीही खात्री करायची गरज नाही.

पंख मिटल्यावर मात्र दोघंही सुकलेलं पान होऊन जातात.

पाहायला कधी जायचं?

नर आधी येतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरभर पायवाटांवर दिसतात ते जवळपास सगळे नरच. माद्या त्यांच्या मागून काही आठवड्यांनी कोषातून बाहेर पडतात आणि लगेचच मीलन होतं. डिसेंबरात दोघंही दिसतात. जानेवारी उलटेपर्यंत नर संपत आलेले असतात आणि तिथून पुढे एप्रिलपर्यंत राज्य माद्यांचं.

म्हणजे नोव्हेंबरात तुम्ही एका ठिकाणी गेलात आणि मार्चमध्ये पुन्हा तिथेच गेलात, तर तुम्हाला दोन पूर्णपणे निरनिराळी दिसणारी फुलपाखरं भेटतील, आणि दोन्ही एकच.

ही गोष्ट इथल्या मूळ रहिवाशांना आधीपासून ठाऊक होती. मेलबर्नच्या उत्तर आणि पूर्व भागातली भूमी वुरुंजेरी लोकांची. त्यांच्या वोईवुरुंग भाषेत वर्षाचे चारऐवजी सात ऋतू सांगितले आहेत. म्युझियम्स व्हिक्टोरियाने मांडलेल्या त्या ऋतुचक्रात नोव्हेंबरचा ऋतू बूआथ गुरू, म्हणजे गवत फुलण्याचा काळ. कांगारू गवत फुलतं, वटवाघळं उडते किडे पकडतात आणि कॉमन ब्राउनचे नर उडतात. जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा ऋतू बिडेरप. तेव्हा झुपक्याचं गवत लांब वाढून वाळलेलं असतं आणि कॉमन ब्राउनच्या माद्या उडतात. ऋतूची खूण म्हणून फुलपाखरू सांगितलं आहे, त्यातही नर एका ऋतूत आणि मादी दुसऱ्या. मृग बरसला की पेरणी हे ऐकत वाढलेल्या माणसाला हे कॅलेंडर लगेच पटतं. "स्प्रिंग १ सप्टेंबरला सुरू" या सरकारी हिशेबापेक्षा तर नक्कीच जास्त.

दिवसाची वेळ म्हणाल तर नोव्हेंबरात सकाळी दहाच्या सुमारास, ऊन पडलेलं आणि वारा पडलेला. मेलबर्नमध्ये या दोन्ही गोष्टी एका सकाळी जमून येणं हा नशिबाचा भाग आहे.

मीलन डिसेंबरात आणि अंडी मार्चमध्ये? मधले तीन महिने मादी करते काय?

थांबते.

हा या फुलपाखराचा सर्वांत भारी भाग, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फुलपाखरं साधारणपणे घाईत असतात. कोषातून बाहेर, जोडीदार, अंडी, संपलं. कॉमन ब्राउनच्या मादीला घाई करून चालत नाही. तिच्या अळ्या गवतावर वाढतात आणि मेलबर्नचा उन्हाळा कोरडा असतो. जानेवारीतलं गवत हातात चुरलं तर भुसा होतो. त्यावर केसाएवढ्या जाडीची नुकती जन्मलेली अळी ठेवली तर ती उपाशी मरेल.

म्हणून मादी नराकडून मिळालेलं बीज पोटात साठवून ठेवते आणि तिचे अंडाशय उन्हाळाभर वाढतच नाहीत. कडक उन्हाळ्यात ती ओघळीच्या गार सावलीत, झुडपांच्या बुडाशी पाचोळ्यात बसून राहते. अधूनमधून मध प्यायला बाहेर येते. बर्सेरिया नावाचं काटेरी झुडूप ऐन उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतं, त्यावर ती हमखास सापडते. फेब्रुवारी सरता सरता, दिवस लहान होऊ लागले की अंडी तयार व्हायला लागतात. पहिल्या पावसाने गवत हिरवं धरतं त्या सुमारास ती गवतातून अगदी खाली, हळूहळू उडत एकेक अंडं ठेवत जाते.

आपल्याकडे बेडकं, गोगलगायी उन्हाळा जमिनीखाली काढतात. तसाच हा प्रकार, फक्त इथे उन्हाळा काढणारी ही पंख फुटलेली, मीलन झालेली मादी असते. एप्रिलमध्ये दिसणाऱ्या मादीच्या पंखांचे काठ फाटलेले असतात, रंग उडालेला असतो. हे म्हातारपण पाच महिन्यांचं आहे, आणि इतक्या लहान जिवाला पाच महिने म्हणजे पुष्कळ झाले.

अंडी, अळी, कोष पाहायला मिळतात का?

अंडं शोधायच्या भानगडीत पडू नका. अळी मात्र पाहता येते. ती हिवाळाभर गवतात असते, हिरवी किंवा तपकिरी, शेपटीला दोन टोकं. दिवसा झुपक्याच्या बुडाशी लपते आणि रात्री वर चढून पातं खाते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पोआ गवताची पाती काठाकाठाने तपासायची. थंडी असते, गुडघे ओले होतात आणि घरचे वेड्यात काढतात. कोष जमिनीवरच पाचोळ्यात असतो, तो न शोधलेलाच बरा, कारण शोधता शोधता पायाखाली जाण्याची शक्यता जास्त.

मोनार्क, पेंटेड लेडी आणि याच्यात गोंधळ होतो. काय करावं?

मोनार्कशी गोंधळ फक्त मादीचा होतो, तोही लांबून. मोनार्क बरंच मोठं, पंखांवर काळ्या शिरांची जाळी आणि काळ्या काठावर पांढरे ठिपके. महाराष्ट्रात रुईच्या झाडाशी जे प्लेन टायगर आपण पाहतो त्याचं ते जवळचं नातेवाईक. उडताना पंख वर धरून तरंगतं. कॉमन ब्राउन तसं तरंगत नाही. ते जमिनीपासून गुडघ्या-कमरेएवढ्या उंचीवर दिशा बदलत, भरकटल्यासारखं उडतं.

ऑस्ट्रेलियन पेंटेड लेडीच्या पुढच्या पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके असतात. मागच्या पंखावर छोट्या डोळ्यांची ओळच असते. कॉमन ब्राउनच्या मागच्या पंखावर ठळक डोळा एकच. मेडो आर्गसच्या पंखांवर मोठे, ठळक डोळे असतात. घरी ब्लू पॅन्सी, लेमन पॅन्सी पाहिलेल्यांना ते बघताक्षणी त्याच घराण्यातलं वाटेल, आणि तसं ते आहेही.

खरी डोकेदुखी चुलत भावंडांची. शोल्डर्ड ब्राउन आणि मार्बल्ड झेनिका हे दोघे कॉमन ब्राउनच्या नराजवळ जाणारे. झेनिका लहान असतो आणि त्याची नक्षी जास्त दाट, जाळीदार. शोल्डर्ड ब्राउन साधारणपणे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जोरात असतो, तेव्हा फेब्रुवारीत ताजातवाना, कोरा करकरीत "नर" दिसला तर थोडा संशय घ्या. खात्री होत नसेल तर वरून आणि खालून असे दोन्ही फोटो काढा. एकाच फोटोवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

कुठे जायचं?

खास कुठे जायची गरज नाही. जिथे देशी गवत, थोडी सावली आणि न झाडलेला पाचोळा आहे तिथे हे असतं. तरी नावं हवी असतील तर घ्या.

मेरी क्रीक. कोबर्ग, ब्रन्सविक, नॉर्थकोटच्या मधून वाहत यारा नदीला मिळते. एके काळी कारखान्यांचं पाणी आणि राडारोडा वाहणारा हा ओढा होता. १९८९ मध्ये मेरी क्रीक मॅनेजमेंट कमिटी स्थापन झाली आणि काठच्या नगरपालिका आणि रहिवासी मिळून काम करू लागले. आज काठाने कांगारू गवताचे पट्टे आहेत आणि नोव्हेंबरात त्यांतून नर फुलपाखरं उठतात.

डेअरबिन पार्कलँड्स, आल्फिंग्टन. इथे आधी काळ्या दगडाची खाण होती, नंतर त्या खड्ड्यात शहराचा कचरा टाकला जात असे. रहिवाशांनी सत्तरच्या दशकात ती जागा मागून घेतली. मुलांना घेऊन जायला ही जागा मला सर्वांत आवडते, कारण "तुझ्या पायाखाली कचरा आहे" म्हटल्यावर त्यांचे डोळे मोठे होतात.

ऑर्गन पाइप्स राष्ट्रीय उद्यान, विमानतळाच्या पश्चिमेला. १९७२ मध्ये उद्यान झालं तेव्हा ते काटेरी बॉक्सथॉर्न आणि परदेशी काटेझुडपांनी भरलेलं होतं. त्याच वर्षी "फ्रेंड्स ऑफ ऑर्गन पाइप्स" हा गट बनला. एखाद्या उद्यानाची जबाबदारी घेणारे असे "फ्रेंड्स" गट आज देशभर आहेत, त्यांची सुरुवात इथली. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर इथले बेसाल्टचे खांब ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना असेच उभे तडकतो, मग तो दख्खनचा असो की व्हिक्टोरियाचा.

"पुन्हा उभं केलेलं रान" म्हणजे काय? झाडं लावली की झालं ना?

नाही. आणि हा गैरसमज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे. वृक्षारोपण, फोटो, फलक, संपलं.

सिडनीच्या मॉस्मन भागात साठच्या दशकात आयलीन आणि जोन ब्रॅडली या दोन बहिणींनी एक वेगळीच पद्धत बसवली. त्यांनी पाहिलं की तण सरसकट उपटून जागा मोकळी केली की मोकळ्या मातीत पुन्हा तणच येतं, पूर्वीपेक्षा जोमाने. म्हणून त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. रानाचा जो भाग सर्वांत चांगला आहे तिथून काम सुरू करायचं. तिथलं मोजकंच तण हाताने काढायचं, माती कमीत कमी हलवायची, काढलेली जागा लगेच पाचोळ्याने झाकायची. मग थांबायचं. देशी रोपं आपणहून उगवून ती जागा भरतील तेवढ्याच वेगाने पुढे सरकायचं. किती तण काढायचं हे आपला उत्साह ठरवत नाही, रान ठरवतं.

जिथे मातीत देशी बी शिल्लक आहे तिथे ही पद्धत चालते. मेरी क्रीक किंवा ऑर्गन पाइप्ससारख्या पार उद्ध्वस्त जागी बी शिल्लकच नसतं, तिथे रोपं लावावीच लागतात. पण तिथेही नुसते निलगिरी आणि वॅटल लावून कॉमन ब्राउन येणार नाही. त्याला गवत हवं. पोआचे झुपके, कांगारू गवत, झाडांखालच्या अर्ध्या सावलीत वाढणारं वीपिंग ग्रास. हे वीपिंग ग्रास वर्षातला बराच काळ हिरवं राहतं आणि त्यामुळे अळ्यांना फार सोयीचं. लागवडीच्या दिवशी मात्र सगळ्यांना झाड लावायचं असतं. गवताच्या रोपांचे ट्रे दुपारपर्यंत तसेच पडून असतात. स्वतःच्या नावाचं झाड दाखवता येतं, स्वतःच्या नावाचं गवत कोण दाखवणार!

कांगारू गवत आपल्याला अगदी परकंही नाही. थेमेडा ट्रायँड्रा ही तीच जात आफ्रिकेत आणि भारतातही उगवते, सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरही. तांबूस, खाली झुकलेली कणसं पाहिलीत की लक्षात येईल.

काही ठिकाणी गवताच्या पट्ट्यांत थंडीच्या दिवसांत हळुवार आग लावली जाते. मेरी क्रीकच्या काठी वुरुंजेरी लोकांचं नॅरॅप पथक हे काम करतं. म्हातारं, गुदमरलेलं गवत जळून कोवळे कोंब येतात. हे तुकड्यातुकड्यांनी केलं जातं, एकदम सगळं नाही, त्यामुळे न जळलेल्या तुकड्यातल्या अळ्या वाचतात. काळी पडलेली जमीन पाहून नगरपालिकेला तक्रारीचा फोन करू नका.

हे फुलपाखरू दिसलं म्हणजे रान सुधारलं असं समजायचं का?

समजू नका. फलकांवर असं लिहिलेलं वाचायला छान वाटतं, पण कॉमन ब्राउन इतकं चोखंदळ नाही. पॅनिक व्हेल्ट ग्रास नावाचं दक्षिण आफ्रिकेतून आलेलं तण मेलबर्नच्या प्रत्येक गल्लीत माजलंय. याच्या अळ्या तेही खातात. म्हणून तर ते शहरात टिकलं. रान सुधारल्याची खूण हवी असेल तर त्याच्या सोबतीला कोण आहे ते पाहा. फक्त कॉमन ब्राउन आणि कोबीवरचं पांढरं फुलपाखरू असेल तर अजून बरंच काम आहे. झेनिका, शोल्डर्ड ब्राउन, गवतातले छोटे स्किपर येऊ लागले असतील तर काहीतरी बरोबर चाललंय.

आणि एक गंमत. तण काढणाऱ्यांनी एका शनिवारी सगळं व्हेल्ट ग्रास उपटून टाकलं तर त्यातल्या अळ्याही गेल्या. ब्रॅडली भगिनींची कासवगती इथेही कामाला येते.

जवळून पाहायचं कसं? जवळ गेलं की उडतं.

उडू दे. नर असेल तर तो परत येतो. उन्हाचा एखादा तुकडा धरून बसणं, तिथून जाणाऱ्या प्रत्येकामागे धावणं आणि पुन्हा तिथेच येऊन बसणं हा त्याचा उद्योग. मागे मागे पळण्यापेक्षा तो उठला त्या जागेपासून दोन-तीन पावलांवर बसून घ्या. सावली त्याच्यावर पडेल अशा बाजूला बसू नका, तेवढं एक सांभाळा.

मादीचं तंत्र निराळं. पायवाटेवरून चालताना ती तुमच्या पायांतूनच उठते, दहा-बारा फुटांवर जाऊन पाचोळ्यात टेकते आणि नाहीशी होते. जिथे टेकली तिथून नजर हलवायची नाही. टेकल्यावर क्षणभर तिचा पुढचा पंख थोडा वर असतो आणि टोकाजवळचा काळा डोळा दिसतो. मग ती तो पंख मागच्या पंखाच्या आड खाली ओढून घेते. आता उरतो तो फक्त मागच्या पंखाचा करडा-तपकिरी, ठिपक्या-रेषांचा तुकडा. शेजारच्या निलगिरीच्या पानावर बुरशीचे डाग असतात, तसाच. अशा वेळी पंख शोधू नका, पाय शोधा. पाय चारच दिसतील, कारण या घराण्यात पुढची जोडी आखडलेली असते आणि चालायच्या कामाची नसते.

जवळच्या वस्तूवर फोकस होणारी दुर्बीण असेल तर फोनपेक्षा तिचा उपयोग जास्त.

पूर्वीपेक्षा लवकर दिसायला लागलंय, हे खरं का?

खरं आहे, आणि ते इथेच सिद्ध झालंय. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेलबर्न परिसरातल्या ६५ वर्षांच्या नोंदी तपासल्या. कॉमन ब्राउन बाहेर पडण्याची सरासरी तारीख दर दशकाला सुमारे दीड दिवसाने अलीकडे सरकली होती. एकूण दहाएक दिवस. त्यांनी अळ्या वेगवेगळ्या तापमानांत वाढवून त्यांची वाढ किती वेगाने होते तेही मोजलं आणि त्या गणितातून दाखवलं की शहराच्या वाढलेल्या तापमानाने हा फरक समजावता येतो. अनेक जातींबाबत "लवकर येतात, बहुधा हवामानामुळे" एवढंच म्हणता येतं. इथे कारण आणि परिणाम यांची साखळी जोडून दाखवली गेली.

त्या जुन्या नोंदी कोणाच्या? बऱ्याचशा हौशी माणसांच्या. टाचणीला लावलेल्या फुलपाखराखालच्या चिठ्ठीवर तारीख आणि गाव लिहिणाऱ्यांच्या.

मग मी माझी नोंद कुठे करू?

आयनॅचरलिस्ट ॲपवर. फोटो, तारीख, जागा टाका. तिथल्या खात्रीशीर नोंदी पुढे ॲटलस ऑफ लिव्हिंग ऑस्ट्रेलिया या राष्ट्रीय संग्रहात जातात. शेरा लिहायच्या जागी नर की मादी ते जरूर लिहा, आणि मादी असेल तर पंख ताजे की फाटके तेही. नुसतं "ब्राउन बटरफ्लाय" लिहून सोडू नका.

साप निघतात का?

निघतात. नर फुलपाखरं उडायला लागतात तेव्हाच सापही उन्हाला येतात. ओढ्याकाठी टायगर स्नेक, उत्तर-पश्चिमेच्या दगडाळ गवतात ईस्टर्न ब्राउन, दोन्ही अतिविषारी. पायवाट सोडू नका, पूर्ण बूट घाला, वाकण्याआधी पुढे पाहा. चावा बसलाच तर हालचाल बंद, चावलेल्या संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट क्रेप बँडेज आणि ००० या आपत्कालीन नंबरला फोन. जखम धुवायची नाही, चिरायची नाही, दोर आवळून बांधायचा नाही. गावाकडे ऐकलेलं सगळं विसरा.

गवताची ॲलर्जी आहे. जाऊ का?

हा प्रश्न सापापेक्षा महत्त्वाचा, आणि तो कोणी विचारत नाही.

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. राय गवताचे परागकण हवेत फुटून बारीक झाले आणि हजारो लोकांना एकाच वेळी दम्याचा झटका आला. दहा माणसं गेली. आजारी पडलेल्यांत भारतीय आणि श्रीलंकन वंशाचे लोक ठळकपणे जास्त होते. अनेकांना त्याआधी दमा नव्हताच, फक्त "हे फीव्हर" (परागकणांच्या ॲलर्जीने येणाऱ्या शिंका-सर्दी) होता. आपल्यापैकी कितीजणांना इथे आल्यावर दोन-तीन वर्षांनी वसंतात शिंका सुरू होतात, ते आठवा.

तर, ऑक्टोबर ते डिसेंबर परागकणांचा आणि वादळी दम्याचा अंदाज पाहूनच निघा. वादळाचा इशारा असेल तर घरात, खिडक्या बंद. शिंका येत असतील तर डॉक्टरांशी बोलून ठेवा आणि इनहेलर खिशात ठेवा. फुलपाखरू उद्याही असेल. जानेवारी-फेब्रुवारीत आगीच्या धोक्याचा तक्ताही पाहायचा. "कॅटास्ट्रॉफिक" असेल त्या दिवशी त्या भागातली उद्यानं बंदच असतात.

डिसेंबरात आई-बाबा येणार आहेत. त्यांना दाखवता येईल?

उत्तम वेळ. नर-मादी दोन्ही असतात. डेअरबिन पार्कलँड्सच्या वाटा आरामात चालण्यासारख्या आहेत. सकाळी जा, टोपी आणि पाणी घ्या. इथलं ऊन पुण्यापेक्षा थंड वाटतं आणि कातडी जास्त भाजतं. त्यांना गवताचा शौक असेल तर कांगारू गवत दाखवा, गप्पा आपोआप गावाकडे वळतील.

पकडून मुलांना दाखवलं तर चालेल?

राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय नाही. इतरत्रही नको.

आमच्या बागेत येईल का?

आसपास ओढा किंवा रान असेल तर येईल. पोआचे पाच-सहा झुपके एकत्र लावा, झाडाच्या सावलीत वीपिंग ग्रास पसरू द्या. एक बर्सेरिया लावलंत तर उन्हाळ्यात माद्या मधाला येतील. रोपं स्थानिक वनस्पतींच्या रोपवाटिकेतून घ्या, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानातून नको. तिथले "शोभेचे गवत" भलतंच काही निघतं.

यानंतरचं काम अवघड आहे: काहीच न करणं. मार्चनंतर तो कोपरा कापायचा नाही, झुपक्यांच्या बुडाचा पाचोळा उचलायचा नाही. अळी आणि कोष दोन्ही तिथेच असतात. भाड्याचं घर असेल तर एजंटच्या पाहणीआधी काय उत्तर द्यायचं ते ठरवून ठेवा.

महाराष्ट्रात हे दिसतं का?

हे नाही. पण याच उपकुळातलं कॉमन इव्हनिंग ब्राउन दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रात भातखाचरांच्या कडेला, संध्याकाळी दिव्यापाशी येतं ते. त्याच्या अळ्या भाताची पानं आणि गवत खातात. ऑस्ट्रेलियात ते क्वीन्सलँडकडे आणि न्यू साउथ वेल्समध्ये आढळतं. त्याचीही उन्हाळ्याची तोड बघण्यासारखी आहे. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखाखाली ठसठशीत डोळे असतात, कोरड्या ऋतूतल्या पिढीचे डोळे जवळपास पुसले जातात आणि पंख अगदी सुक्या पानासारखा होतो. तिथे ऋतू बदलला की पंख बदलतात. इथली मादी पंख तेच ठेवते आणि अंडी लांबवते.

आम्हाला काम करायचंय. कुठे नाव द्यायचं?

तुमच्या उपनगराच्या किंवा जवळच्या ओढ्याच्या नावाआधी "फ्रेंड्स ऑफ" लावून शोधा, गट सापडेलच. लागवड मे ते सप्टेंबर, कारण पाऊस तेव्हा असतो. तण काढणं वर्षभर. हातमोजे, खुरपी ते देतात, बहुतेक ठिकाणी चहा-केकही असतो. इंग्रजी फाडफाड यायची गरज नाही, दोन तास गुडघ्यांवर बसता आलं की पुरे. गवताचा ट्रे कोण घेतंय असं विचारतील तेव्हा हात वर करा.